खिशात मावणारं पिस्तूल हातात मावतं का?

रुगर कंपनीने २००८ मध्ये एलसीपी नावाचं पिस्तूल अमेरिकेत विकायला काढलं. लांबी १३१ मिलिमीटर, उंची ९१, जाडी २१, आणि रिकामं असताना वजन सुमारे २७० ग्रॅम. जाडजूड कव्हर घातलेला मोठा फोन साधारण एवढाच भरतो. जीन्सच्या पुढच्या खिशात ते सहज जातं आणि दिवसभर बाळगलं तरी पँट खाली ओढली जात नाही. दुकानाच्या काउंटरवर हातात घेतलं की माणूस तिथेच विरघळतो. पुढे नेमबाजीच्या रेंजवर पहिलं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची डबी, संपलं की तोच माणूस तळहात चोळत उभा असतो.

अशा पिस्तुलांची तुलना करायची तर काउंटरवरचा क्षण सोडून रेंजवरचा क्षण धरावा लागतो. आकारातून जे जे कमी केलं जातं, त्याचं बिल हाताला येतं. कॅलिबर (नळीचं आणि गोळीचं माप), काडतुसांची संख्या आणि किंमत यांच्या तक्त्यात हे बिल दिसत नाही.

आधी कायदा, मग कॅटलॉग

लपवून, रोज अंगावर पिस्तूल बाळगणं हा मुख्यतः अमेरिकेतला विषय. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला त्यासाठी परवाना लागत नाही. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत पूर्वी ‘मला इतरांपेक्षा वेगळा धोका आहे’ हे सिद्ध करावं लागे. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात ती अट घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे न्यू जर्सीतलं एडिसन असो की टेक्सासमधलं डॅलस, मराठी घरांच्या शेजारीपाजारी हा विषय आता निघतो.

तो निघाला की सगळ्यात आधी व्हिसा पाहायचा. एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणं हाही ‘बाळगण्या’तच मोडतो, हे शनिवार-रविवारी गंमत म्हणून रेंजवर जाणाऱ्या अनेकांच्या गावी नसतं. ग्रीन कार्डधारकाला घेता येतं. दुकानात खरेदीदाराचा सरकारी फॉर्म ४४७३ भरताना खोटं उत्तर देणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि ‘मित्राच्या नावावर घेऊ’ हा त्याहून सोपा तुरुंगाचा रस्ता.

परवान्याची सक्ती नसलेल्या राज्यातही तो काढून ठेवणं शहाणपणाचं. शाळेपासून १,००० फुटांच्या आत पिस्तूल बाळगण्याला फेडरल कायद्याची बंदी आहे आणि तिच्यातली सवलत त्या राज्याचा परवाना असणाऱ्याला मिळते. शहरात गाडी चालवताना हजार फुटांचं असं वर्तुळ दर दहा मिनिटांनी लागतं.

ही सगळी अमेरिकेतच का बनतात

१९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानंतर आयात पिस्तुलांना आकाराची किमान मर्यादा लागली: उंची ४ इंच, आणि लांबी व उंची मिळून १० इंच, म्हणजे २५४ मिलिमीटर. जर्मनीचं वाल्थर पीपीके उंचीत थोडक्यात नापास झालं. कंपनीने थोरल्या पीपीचा उंच सांगाडा, म्हणजे मुठीसकट खालचा भाग, घेतला, त्यावर पीपीकेची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) बसवली आणि पीपीके/एस या नावाने तो जोड अमेरिकेत पाठवला. एलसीपीची लांबी आणि उंची मिळून २२२ मिलिमीटरच होते. ते परदेशात बनलं असतं तर बंदरातूनच परत गेलं असतं. म्हणून या वर्गातली पिस्तुलं अमेरिकेतच घडतात: केल-टेकची फ्लोरिडात, रुगर एलसीपी अॅरिझोनात. ऑस्ट्रियाच्या ग्लॉकनेही आपलं .३८० कॅलिबरचं ग्लॉक ४२ जॉर्जिया राज्यातल्या स्मर्ना इथे बनवून २०१४ मध्ये अमेरिकन ग्राहकांपुढे ठेवलं.

दुसरा धक्का १९९४ च्या कायद्याने दिला. नव्या मॅगझिनमध्ये दहाच काडतुसं, अशी मर्यादा २००४ पर्यंत देशभर होती. दहाच भरायची तर एवढं मोठं धूड कशाला, असा विचार कारखान्यांनी केला आणि छोट्या पिस्तुलांची लाट आली.

धक्का कुठून येतो

काडतूस तेच आणि पिस्तूल निम्म्या वजनाचं, तर ते दुप्पट वेगाने मागे येतं आणि त्यातली ऊर्जाही दुप्पट होते. न्यूटनचा नियम इथे थेट अंगठ्याच्या बेचक्यात शिकायला मिळतो. .३८० एसीपीची नेहमीची गोळी ९५ ग्रेनची, म्हणजे ६.२ ग्रॅमची. हे काडतूस जॉन ब्राउनिंगने रचलं आणि कोल्टने १९०८ मध्ये आणलं. तेव्हाची त्याची पिस्तुलं आजच्या एलसीपीच्या दुपटीहून जड होती. गोळी जुनीच राहिली आणि तिच्या मागचं लोखंड मात्र घटलं.

वजनाइतकाच फरक आतल्या रचनेने पडतो. जुन्या पिस्तुलांत, पीपीकेतही, नळी सांगाड्याला पक्की असते. बार झाला की स्लाइडला थोपवतं ते फक्त तिचं स्वतःचं वजन आणि मागची स्प्रिंग. म्हणून स्लाइड जड करावी लागते आणि स्प्रिंग ताठ. स्प्रिंग ताठ म्हणजे हाताने ओढायला कठीण, आणि जड स्लाइड मागे येऊन थडकते तो ठोसा वेगळाच. जवळपास सहाशे ग्रॅमचं पीपीके .३८० मध्ये अनेकांना ग्लॉक ४२ पेक्षा जास्त लागतं. ग्लॉक मात्र रिकाम्या मॅगझिनसह चारशे ग्रॅमच्या आतच आहे.

कारण ग्लॉकमध्ये नळी आणि स्लाइड एकमेकांना कुलूप लावून सुरुवातीचे काही मिलिमीटर एकत्र मागे जातात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, कुलूप सुटतं आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. दाब तोवर ओसरलेला असतो. ही मोठ्या पिस्तुलांची रचना केल-टेकने १९९९ मध्ये .३२ एसीपीच्या पी-३२ मध्ये बसवली. रिकामं वजन १९० ग्रॅमच्या आसपास. २००३ मध्ये त्याच सांगाड्याचा .३८० अवतार पी-३एटी आला. त्याच्याशेजारी पाच वर्षांनी आलेलं एलसीपी ठेवलं तर घराण्याविषयी फारसं बोलावं लागत नाही.

आजचे गडी

मूळ एलसीपीत मॅगझिनमध्ये ६ आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, १ काडतूस; यालाच ६ अधिक १ म्हणतात. चाप लांब, नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच स्लाइडमध्येच कोरलेली, इतकी बारीक की संध्याकाळी दिसतच नाही. खिशात वर्षानुवर्षं पडून राहणारं, कमीत कमी चालवलं जाणारं हे पिस्तूल. जुनं विकत घेत असाल तर क्रमांक पाहा: ३७० ने सुरू होणारी सुरुवातीची एलसीपी कंपनीनेच २००८ मध्ये परत मागवली होती, कारण भरलेलं पिस्तूल कठीण जमिनीवर पडल्यास बार उडण्याचा संभव होता. ती दुरुस्ती झाल्याची खात्री नसेल तर हात लावू नका.

२०२१ चं एलसीपी मॅक्स हे खऱ्या अर्थाने पुढचं पाऊल. वजन ३०० ग्रॅम, लांबी जवळपास तीच, उंची १०५ मिलिमीटर, आणि काडतुसं १० अधिक १. मॅगझिन खाली एक-दीड ओळीत रचलेलं आणि वर निमुळतं, त्यामुळे मूठ थोडीच जाड झाली. माशी अंधारात दिसते. २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसनने याच्या तोडीला बॉडीगार्ड २.० आणलं: सुमारे २८० ग्रॅम, लांबी १४० मिलिमीटर, उंची १०२, मॅगझिन १० आणि १२ चं. सपाट चाप, स्वच्छ सुटणारा. हवं असेल तर अंगठ्याच्या सेफ्टीसह मिळतं. या दोहोंतलं कोणतं, हा खरं तर तुमच्या बोटांच्या लांबीचा प्रश्न आहे. मूळ एलसीपी आजही स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नये. खिशात फरक सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा आहे, हातात फरक खूप मोठा.

ग्लॉक ४२ त्यांच्यापेक्षा मोठं आहे: १५१ मिलिमीटर लांब, ६ अधिक १. काडतुसं कमी आणि आकार जास्त, म्हणून कागदावर ते हरतं. चालवताना मात्र या चौघांत सगळ्यात मवाळ तेच. ज्याचा खिसा मोठा आणि मनगट नाजूक, त्याने कागदाकडे दुर्लक्ष करावं.

‘एवढ्याशा वाढीव आकारात ९ मिलिमीटर का नको?’ हा नेहमीचा प्रश्न. सिग सॉअरच्या पी३६५ ने २०१८ मध्ये तो जोरात विचारायला लावला. १४७ मिलिमीटर लांबीत १० अधिक १ काडतुसं बसवून दाखवली. पण वजन रिकाम्या मॅगझिनसह पाचशे ग्रॅम, आणि ९ मिलिमीटरचं प्रत्येक काडतूस सुमारे १२ ग्रॅमचं. अकरा भरली की सव्वासहाशेच्या वर. एलसीपी मॅक्स पूर्ण भरलं तरी चारशेच्या थोडंसं पुढे जातं. सव्वासहाशे ग्रॅम चिनो पँटच्या खिशात लोंबतात, मांडीवर आपटतात आणि पिस्तुलाचा नकाशा कापडावर उमटतो. पी३६५ कंबरेच्या पट्ट्याचं पिस्तूल आहे आणि त्या जागी उत्तम आहे.

आणि रिव्हॉल्व्हर? स्मिथ अँड वेसनचं ६४२, म्हणजे १९५२ च्या सेंटेनिअलचं आजचं रूप, पाच काडतुसांचं, अॅल्युमिनियम सांगाड्याचं, सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. सिलिंडरपाशी जाडी ३३ मिलिमीटर. खिशात तेवढा फुगवटा येतोच. चाप ओढायला पाच किलोंहून जास्त जोर लागतो आणि .३८ स्पेशलचा धक्का या सगळ्यांत कडक. तरीही ते टिकून आहे. त्याची मूठ गोल आहे, घोडा (काडतुसावर आपटणारा हातोडा) आत झाकलेला असल्याने कापडात अडकत नाही, आणि काडतूस पेटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर. स्लाइड ओढण्याचा प्रश्नच नाही.

.२२ ची शिफारस धक्का नको म्हणून केली जाते. त्यात स्फोटक लेप पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या) बुडाच्या कडेत फिरवून बसवलेला असतो. कडेचा एखादा भाग कोरडा राहिला आणि पिन नेमकी तिथे आपटली की नुसतीच टक्‌. सरावाला झकास, भरवशाला दुय्यम.

हाताची परीक्षा

दुकानात पिस्तूल मागितलं की आधी मॅगझिन काढलेलं आणि चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. विक्रेत्याने तपासलं असलं तरी. मग स्लाइड ओढून पाहा. बहुतेक जण पिस्तूल स्थिर ठेवून स्लाइड मागे खेचायला जातात आणि हरतात. स्लाइड चारही बोटांनी आणि तळव्याने घट्ट धरून ठेवायची आणि मूठ धरलेला हात पुढे ढकलायचा. ढकलण्याचे स्नायू खेचण्याच्या स्नायूंपेक्षा बलवान असतात. पूर्ण मागे गेल्यावर सोडून द्यायची. हाताने हळूच पुढे आणली तर ती शेवटचे दोन मिलिमीटर बसत नाही आणि पिस्तूल उडतच नाही. हे सगळं करताना नळीचं तोंड फिरून स्वतःच्या डाव्या हाताकडे वळतं, ती या छोट्या पिस्तुलांची खास खोड आहे. त्यावर लक्ष ठेवा.

पाच वेळा ओढून हात थकत असतील तर दुसरा रस्ता धरावा. बेरेटाच्या टॉमकॅटमध्ये (.३२) एक खटका दाबला की नळीचं मागचं टोक वर उघडतं, काडतूस थेट चेंबरमध्ये ठेवून नळी खाली दाबायची. वजन चारशे ग्रॅमच्या वर आहे, आणि सांगाड्याला तडे जाण्याची त्याची जुनी तक्रार आहे, म्हणून जोरकस काडतुसं त्यात घालत नाहीत. संधिवात असलेल्यांसाठी स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड (.३८०) फार सोपं ओढतं, पण ते खिशात मावत नाही.

आता नेम. एलसीपीत पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात साधारण १०० मिलिमीटर अंतर. दोन्ही जुळवताना एक मिलिमीटर चुकलं तर सात मीटरवर गोळी सात सेंटीमीटर सरकते. मोठ्या पिस्तुलात हे अंतर १५० च्या आसपास असतं आणि तीच चूक पावणेपाच सेंटीमीटरवर थांबते. भरीला छोट्या मुठीवर दोनच बोटं बसतात, करंगळी खाली लोंबते, आणि बार झाला की पिस्तूल हातात फिरतं. मॅगझिनच्या तळाला करंगळीसाठी जोड मिळतो. उंची सेंटीमीटरभर वाढते, तेवढी खिशाला परवडत असेल तर जरूर लावावा.

रेंजवर भाड्याने मिळत असेल तर घेण्याआधी किमान ५० फैरी झाडा. तिसाव्या फैरीनंतर डोळे मिटू लागले, चाप ओढण्याआधीच हात खाली झुकू लागला, तर ते पिस्तूल तुमचं नाही.

खिसा हाही एक भाग आहे

होल्स्टरशिवाय, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाशिवाय, खिशात पिस्तूल ठेवू नये, याला अपवाद नाही. चाप झाकणारा भाग इतका टणक हवा की बाहेरून बोटाने दाबला तरी आत हलू नये. आतून गुळगुळीत आणि बाहेरून खरखरीत, म्हणजे पिस्तूल ओढलं की होल्स्टर खिशाला धरून मागे राहतं. काहींना बाजूला आकडा असतो, तो खिशाच्या कडेत अडकतो. त्या खिशात दुसरं काहीही नको: किल्ली नको, सुटं नाणं नको, चाप-रक्षकात शिरू शकणारी पेनाची टोपी तर अजिबात नको.

परत ठेवताना अपघाताचा धोका मोठा. होल्स्टर खिशातून बाहेर काढा, नळी सुरक्षित दिशेला ठेवून पिस्तूल त्यात बसवा, मग दोन्ही मिळून खिशात. खिशातल्या होल्स्टरमध्ये पिस्तूल चाचपडत सारताना नळी मांडीकडे असते आणि बोटाला चाप दिसत नसतो.

खिशाचं तोंड मोजा. रिकाम्या पिस्तुलावर पूर्ण मूठ बसवून हात बाहेर येतो का, ते घरी पाहा. बहुधा अडकतो, कारण मूठ वळली की हात जाड होतो. अंगठा स्लाइडच्या मागच्या टोकावर सपाट ठेवला तर हात अरुंद होतो आणि निघतो. खुर्चीत बसून, गाडीचा पट्टा लावून हेच करून पाहिलं तर खिशाची मर्यादा कळते: बसलेल्या माणसाचा पुढचा खिसा जवळजवळ बंद असतो. दिवसाचे आठ तास स्टिअरिंगमागे घालवणाऱ्याने खिशाचा नाद सोडावा.

अडकतं कुठे आणि का

रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये उभी अडकते, धुराड्यासारखी. दोष बहुधा मनगटाचा. स्लाइडला मागे जाण्यासाठी सांगाडा जागेवर स्थिर लागतो. हलक्या पिस्तुलात सांगाड्याला स्वतःचं वजनच नाही. मनगट सैल पडलं की सांगाडाही स्लाइडबरोबर मागे जातो, दोघांमधली धाव अपुरी पडते आणि पुंगळी सुटत नाही. मोठं पिस्तूल ही चूक पोटात घालतं. छोटं घालत नाही.

.३२ ची स्वतःची एक व्याधी आहे. त्याच्या पुंगळीच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. पूर्ण धातूच्या गोळीचं काडतूस लांब असतं, मॅगझिन भरून बसतं. होलो पॉइंट (टोकाला पोकळ, आत शिरल्यावर उघडणाऱ्या गोळीचं काडतूस) आखूड पडतं, मागेपुढे सरकतं, आणि वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे जाऊन रुतते. मग स्लाइड कितीही ओढा, निघत नाही. मॅगझिन काढून सोडवावं लागतं. उपाय दोन: मॅगझिनच्या मागच्या भिंतीला पातळ पट्टी लावणं, किंवा लांब काडतुसंच वापरणं.

होलो पॉइंटविषयी आणखी एक गोष्ट. एफबीआयच्या चाचणीत गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात ३० ते ४५ सेंटीमीटर जावी, अशी अपेक्षा असते. सात सेंटीमीटरच्या नळीतून .३८० चा वेग इतका उतरतो की काही होलो पॉइंट उघडतच नाहीत आणि काही उघडून लवकर थांबतात. त्यामुळे डब्यावरचा वेग पाहू नका, तो लांब नळीवर मोजलेला असतो. न्यू जर्सीत होलो पॉइंट घराबाहेर बाळगण्यावर वेगळे निर्बंध आहेत; तिथल्याने आधी नियम वाचावा.

मॅगझिनचं बटण खिशात दाबलं जातं, मॅगझिन तीन-चार मिलिमीटर खाली सरकतं आणि दिसतही नाही. चेंबरमधला एक बार होतो, पुढे काही नाही. रोज सकाळी तळहाताने मॅगझिन वर ठोकून पाहायची सवय यासाठीच. सांगाड्याची आडवी पिन काही एलसीपींत हळूहळू बाहेर सरकते, तीही तेव्हाच बोटाने चाचपावी.

मग लिंट, म्हणजे खिशातली कापडाची पिंजण. दोन आठवड्यांत ती नळीच्या तोंडात, घोड्याच्या खाचेत आणि एक्स्ट्रॅक्टरखाली (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याखाली) जाऊन बसते. जास्त तेल घातलं तर तिची लगदी होते. कोरडा ब्रश आणि स्लाइडच्या दोन्ही रुळांवर एकेक थेंब, एवढं पुरे. ह्यूस्टन किंवा मायामीच्या घामात काळ्या पोलादी स्लाइडवर महिन्याभरात तांबूस ठिपके येतात. माशीच्या बुडाशी पहिले. छोट्या स्प्रिंगला मोठ्या स्प्रिंगचं काम करावं लागतं, त्यामुळे ती लवकर बसते. हजारेक फैरींनंतर ती बदलून टाकण्याचा प्रघात आहे, खर्चही फार नाही.

नवं पिस्तूल भरवशाचं धरण्याआधी सरावाच्या साध्या काडतुसांच्या दोनशे फैरी आणि जी रोज बाळगणार त्यांच्या पन्नास, एकदाही न अडकता झाल्या पाहिजेत. दुसरा आकडा लोक पैशासाठी टाळतात. नेमका तोच टाळायचा नसतो.

रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच वरचं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. ते काडतूस डब्यातल्या नव्या काडतुसाशेजारी उभं करा. गोळी दरवेळी चेंबरच्या तोंडाशी असलेल्या चढणीवर आपटून पुंगळीत कणाकणाने मागे ढकललेली असते. आतली जागा घटते, पेटल्यावर दाब वाढतो. लांबीत फरक डोळ्यांना दिसला की ते काडतूस बाद. शक्यतो रोजची ही चढ-उतार टाळून होल्स्टरसकट पिस्तूल छोट्या कुलूपबंद पेटीत ठेवावं. खिशातल्या पिस्तुलाची ही घरगुती अडचण आहे: पँट खुंटीला गेली की पिस्तूलही तिच्याबरोबर खुंटीला जातं, आणि खुंटी मुलांच्या हाताला लागते.

आपल्याकडे .३२ च का

भारतात हा बाजार नाहीच. शस्त्र कायदा १९५९ चा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं. सैन्य-पोलीस वापरतात ती ९ मिलिमीटरसारखी कॅलिबर सामान्य परवानाधारकाला बंद, म्हणून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये .३२ हेच नेहमीचं. सरकारी कारखान्याचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये महिलांच्या पर्समध्ये मावेल म्हणून आलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, तरीही वजन पाचशे ग्रॅम. एलसीपीच्या जवळपास दुप्पट. महाराष्ट्रात परवाना शहरात पोलीस आयुक्तांकडून आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. अमेरिकेत घेतलेलं पिस्तूल सुट्टीला येताना सामानातून आणता येईल, ही कल्पना सोडून द्यावी.

पिस्तूल कोणी आणत नाही. काडतूस मात्र येतं. हलकं शस्त्र बाळगणाऱ्याला ते बाळगल्याचा विसर पडतो: २०२३ या एका वर्षात अमेरिकेच्या विमानतळांवरच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या होत्या. रेंजवर नेलेली पाठपिशवी पुढे मुंबईच्या प्रवासाला निघते, तळाच्या कप्प्यात एक सुटं काडतूस असतं, आणि परतीच्या वेळी ते इथल्या विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसतं. गुन्हा शस्त्र कायद्याखाली नोंदला जातो. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, म्हणून असे अनेक गुन्हे न्यायालयांनी पुढे रद्द केले आहेत. तोवर विमान गेलेलं असतं, पासपोर्ट अडकलेला असतो आणि वकील शोधून झालेला असतो. रेंजची पिशवी वेगळीच ठेवा, तिच्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहा, आणि ती विमानात कधीही नेऊ नका.